सोन्याचा कस आणि मिश्रणाचे गणित

देवाच्या चरणी सोने-चांदी वाहण्याची रीत मराठवाड्यात फार जुनी आहे. नवस फेडताना कोणी चांदीचे डोळे वाहतो, कोणी पाळणा, कोणी छत्र किंवा पादुका. घरातील वडीलधारी स्त्री आपल्या अंगावरचा एखादा डाग उतरवून देवीच्या ओटीत घालते. नायगाव, बिलोली, देगलूर, मुखेड या भागातील जुन्या घरांत असे दागिने सासूकडून सुनेकडे आलेले असतात. ते कोणत्या सोनाराने घडविले, त्यात हीण किती घातले, याचा कागद बहुधा कोणाजवळ नसतो. म्हणून दान स्वीकारताना वजनाची नोंद झाली की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, तो कसाचा.

हा प्रश्न नाजूक आहे. दात्याने बावीस कॅरट म्हणून दिलेला डाग वीस कॅरटचा ठरला, तर त्याच्या मनाला लागते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वस्तूविषयी आणि ती घडविणाऱ्या हातांविषयीही संशय उत्पन्न होतो. उलटपक्षी, हीणकस वस्तू खरी म्हणून भांडारात जमा झाली, तर देवस्थानच्या नोंदवहीत खोटेपणा शिरतो. या दोन्ही चुका टाळावयाच्या असतील, तर धातूंच्या मिश्रणाचे गणित थोडेफार माहीत असणे दात्याच्याही हिताचे आहे. त्या गणिताच्या पोटात एक कुतूहलाचा प्रश्नही दडलेला आहे. इतर धातू योग्य प्रमाणात मिसळून सोन्याची किंवा चांदीची हुबेहूब बरोबरी साधता येईल काय? एखाद्या गुणापुरती ती साधते, सर्व गुणांची साधत नाही. ते का, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

याच भूमीतील सुवर्णगणित

हे गणित येथील मातीला परके नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःस लत्तलूरचे स्वामी म्हणवीत. लत्तलूर म्हणजेच आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार येथेही राष्ट्रकूटकालीन अवशेष आहेत. या घराण्यातील अमोघवर्ष राजाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. त्याच्या मिश्रकव्यवहार प्रकरणात निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र करण्याची उदाहरणे स्वतंत्रपणे दिलेली आहेत. पुढे भास्कराचार्यांनी (जन्म शके १०३६, इ.स. १११४) इ.स. ११५० मध्ये पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणि' या ग्रंथाच्या 'लीलावती' नामक भागात हाच विषय सुवर्णगणित म्हणून मांडला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा उल्लेख त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांच्या नजरेस आणला.

त्या काळी शुद्ध सोने सोळा वर्णांचे धरीत. 'लीलावती'तील एक उदाहरण असे आहे. तेरा वर्णांचे दहा मासे, बारा वर्णांचे चार मासे, अकरा वर्णांचे दोन मासे आणि दहा वर्णांचे चार मासे सोने एकाच मुशीत आटविले, तर मिश्रणाचा कस किती? प्रत्येक वजनास त्याच्या वर्णाने गुणावे. १३०, ४८, २२ आणि ४० असे आकडे येतात, त्यांची बेरीज २४० होते. एकूण वजन २० मासे. २४० ला २० ने भागले की १२ वर्ण. आजच्या भाषेत सोळापैकी बारा म्हणजे चोविसांपैकी अठरा, अर्थात १८ कॅरट. सराफाच्या दुकानात दिसणारा ७५० हा आकडा तोच. याच उदाहरणाचा पुढील भाग अधिक सुंदर आहे. हे वीस मासे सोने तापवून, हीण जाळून, सोळा मासे उरले तर त्याचा कस २४० भागिले १६, म्हणजे १५ वर्ण होतो. पूर्ण सोळा वर्णांपर्यंत शोधले तर पंधरा मासे उरतात. हीण निघून जाते, सोने तेवढेच राहते. सगळे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

उलटे उदाहरणही तेथे आहे. सोळा आणि दहा वर्णांच्या सोन्यांपासून बारा वर्णांचे सोने करावयाचे. सोळातून बारा वजा करून चार, बारातून दहा वजा करून दोन. या वजाबाक्या तिरकस मांडावयाच्या, म्हणजे सोळा वर्णांचे दोन भाग आणि दहा वर्णांचे चार भाग घ्यावयाचे. आजच्या कारागिरास २४ आणि १८ कॅरटपासून २२ कॅरट सोने हवे असेल, तर याच रीतीने २४ कॅरटचे चार आणि १८ कॅरटचे दोन भाग घ्यावे लागतील. जवळजवळ नऊशे वर्षांत या रीतीत बदलण्यासारखे काही निघाले नाही.

कस मोजण्याची परिमाणे मात्र ठिकठिकाणी वेगळी होती. मराठीत उत्तम सोन्यास 'बावनकशी' म्हणतात, तो शब्द कसाच्या एका जुन्या मोजणीतून आला आहे. सावित्रीबाई फुले यांच्या 'बावनकशी सुबोध रत्नाकर' या काव्यसंग्रहाच्या नावातही तो आहे. (सावित्रीबाईंचे जन्मगावही नायगावच, परंतु ते सातारा जिल्ह्यातील. नावसाधर्म्यामुळे अनेकांचा घोटाळा होतो.)

वजनाची सरासरी आणि आकारमानाची सरासरी

कसोटीच्या दगडाखेरीज सोने तपासण्याचा दुसरा प्राचीन मार्ग पाण्याचा आहे. ग्रीक पंडित आर्किमिडीज याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या राजाच्या मुकुटात चांदी मिसळली आहे का, हे मुकुट न मोडता ओळखले, अशी कथा प्रसिद्ध आहे. तत्त्व सोपे आहे. शुद्ध सोन्याचा एक घन सेंटिमीटर १९.३ ग्रॅम भरतो, चांदीचा १०.४९, तांब्याचा ८.९६. सोन्यात चांदी-तांबे मिसळले की तेवढ्याच वजनाच्या वस्तूचे आकारमान वाढते आणि ती बुडविल्यावर अधिक पाणी बाजूस सारते.

येथेच बहुतेकांची चूक होते, आणि ती चूक निरपराध दात्याच्या अंगावर येते. 'लीलावती'ची रीत कसासाठी बिनचूक आहे. कस हा वजनाचा हिस्सा असल्याने त्याची वजनावरून सरासरी काढता येते. घनतेचे तसे नाही. मिश्रण होताना दोन गोष्टींची बेरीज होते. वजनाची बेरीज तंतोतंत होते आणि आकारमानाची बहुतांशी होते. म्हणून घनता काढताना प्रथम प्रत्येक धातूचे आकारमान काढावे लागते.

उदाहरणार्थ, बावीस कॅरटचा १०० ग्रॅम वजनाचा भरीव डाग घ्यावा. त्यात ९१.६ ग्रॅम सोने आणि ८.४ ग्रॅम तांबे आहे. सोन्याचे आकारमान ९१.६ भागिले १९.३, म्हणजे ४.७५ घन सेंटिमीटर. तांब्याचे ८.४ भागिले ८.९६, म्हणजे ०.९४. एकूण सुमारे ५.६८ घन सेंटिमीटर. तेव्हा डागाची घनता १०० भागिले ५.६८, म्हणजे सुमारे १७.६ आली पाहिजे. आता हेच गणित कोणी वजनाच्या सरासरीने केले, तर त्याला १८.४ हा आकडा मिळेल. तो पाण्याच्या परीक्षेत १७.६ पाहून म्हणेल, 'हे बावीस कॅरट नव्हे.' आपल्या चुकीच्या रीतीनेच तो पुढे हिशेब करील, तर डागात सोने ८३.५ टक्केच आहे, म्हणजे तो वीस कॅरटचा आहे, असे त्याचे उत्तर येईल. सोने पूर्ण बावीस कॅरटचे आणि मोजमापही अचूक, तरी केवळ सरासरी कशाची घ्यावी हे न कळल्याने दोन कॅरटचा डाग दात्याच्या नावावर लागला.

आणखी एक बारकावा आहे. बावीस कॅरट सोन्यातील हीण तांब्याऐवजी सगळे चांदीचे असेल, तर १०० ग्रॅमचे आकारमान सुमारे ५.५५ घन सेंटिमीटर आणि घनता १८.० होते. कस एकच, घनता दोन. हीण कशाचे आहे हे माहीत नसताना केवळ पाण्यावरून कॅरटचा शेवटचा आकडा सांगणे शक्य नाही. १७.६ ते १८.० च्या दरम्यान आलेली घनता बावीस कॅरटशी जुळते, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

हे मोजमाप घरीही करता येते. बारीक वजनकाट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा. डाग बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला वा कडेला टेकणार नाही असा पाण्यात धरावा. काटा जितके ग्रॅम दाखवील, तितके घन सेंटिमीटर त्या डागाचे आकारमान. डागाला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर आकडा फुगतो, म्हणून ते आधी झटकून घ्यावेत.

नक्कल कोठवर साधते

घनतेचे गणित उलट फिरविले की नकलेचे गणित होते. ज्या धातूची नक्कल करावयाची त्याहून एक जड आणि एक हलका असे दोन धातू मिळाले, की योग्य प्रमाण काढून मधली घनता साधता येते. रीत पुन्हा तिरकस वजाबाकीचीच, फक्त भाग वजनाचे नसून आकारमानाचे धरावयाचे.

चांदीची गोष्ट पाहू. शिशाची घनता ११.३४, कथिलाची ७.२९ आणि चांदीची यांच्या मधली, १०.४९. चांदीतून कथिलाची वजा करून ३.२०, शिशातून चांदीची वजा करून ०.८५. म्हणजे आकारमानाने शिशाचे ३२० आणि कथिलाचे ८५ भाग. वजनात मांडले तर १०० ग्रॅमपैकी सुमारे ८५.४ ग्रॅम शिसे आणि १४.६ ग्रॅम कथील. हा गोळा पाण्यात बुडविला तर चांदीइतकेच पाणी सारील. आर्किमिडीजची युक्ती त्याच्यापुढे निष्फळ ठरेल. पण तो गोळा फरशीवर टाकला की चांदीचा खणखणीत नाद न येता बद्द आवाज येतो. नखाने ओरखडा उठतो. कागदावर घासले तर काळसर रेघ उमटते. तीनशे अंश सेल्सिअसच्या आतच तो वितळतो, तर चांदीस ९६२ अंश लागतात. आणि शिसे चांदीच्या सुमारे बाराव्या हिश्श्याइतकीच उष्णता वाहून नेते. कथिलाने त्यात फारशी भर पडत नाही.

पूजासाहित्यात सर्रास मिळणाऱ्या जर्मन सिल्व्हरचे नेमके उलट आहे. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या या मिश्रणात चांदीचा कणही नसतो. रूपाने ते चांदीच्या जवळ जाते, पण त्याची घनता नऊच्याही खाली असल्याने पाण्यात लगेच उघडे पडते. जर्मन सिल्व्हर म्हणून सांगून विकले तर त्यात फसवणूक काही नाही. त्याचा पाळणा चांदीच्या भावाने विकला गेला, तर मात्र भाविकाच्या नवसाचीच लूट होते.

सोन्याची नक्कल अधिक कठीण आहे, कारण सोन्याहून जड धातू मुळातच थोडे. 'शिशासारखे जड' असे आपण म्हणतो खरे, पण सोन्यापुढे शिसे बरेच हलके आहे. शिसे, तांबे, चांदी, कथील कसेही मिसळले तरी १९.३ पर्यंत पोहोचता येत नाही. त्यासाठी प्लॅटिनम (२१.४५), इरिडियम किंवा ऑस्मियम असा धातू हवा. गणिताने ९२ ग्रॅम प्लॅटिनम आणि ८ ग्रॅम तांबे यांची घनता बरोबर १९.३ येते. ही केवळ कागदावरची कल्पना नव्हती. दक्षिण अमेरिकेतील आजच्या कोलंबियाच्या खाणींत सोन्याबरोबर प्लॅटिनम निघे आणि अठराव्या शतकात ते सोन्याहून पुष्कळच स्वस्त होते. सोन्यात त्याची भेसळ होऊ लागली, तेव्हा स्पेनच्या राजसत्तेने प्लॅटिनम नदीत टाकून देण्याचे हुकूम काढले. तरीही एकोणिसाव्या शतकात प्लॅटिनमच्या खोट्या नाण्यांवर सोन्याचा मुलामा देऊन ती स्पेनमध्ये चालविली गेली. मुलामा द्यावा लागला, कारण वजन जुळले तरी रंग पांढुरकाच राहिला.

आज धोका टंगस्टनचा आहे. त्याची घनता १९.२५, म्हणजे कसलेही मिश्रण न करता ती सोन्याला जवळजवळ मिळते. १०० ग्रॅम सोने ५.१८ घन सेंटिमीटर पाणी सारते, १०० ग्रॅम टंगस्टन ५.१९ च्या किंचित वर. हा फरक साध्या काट्यावर कळणे अवघड. परंतु टंगस्टन वितळण्यास ३,४२२ अंश लागतात, सोने १,०६४ अंशांतच वितळते. त्यामुळे सोनाराच्या मुशीत टंगस्टन सोन्यात मिसळून जात नाही. वळे किंवा वीट पोकळ करून आत टंगस्टनचा तुकडा दडविणे, एवढेच शक्य असते. नाजूक दागिन्यांत असा लबाडपणा करणे फारसे जमत नाही, जाड विटांत जमते. अशा विटेत ध्वनिलहरी सोडल्या तर गुपित फुटते. सोन्यात ध्वनी सेकंदाला सुमारे ३,२४० मीटर जातो, टंगस्टनमध्ये ५,००० मीटरहून अधिक.

जे गुण सरासरी मानीत नाहीत

दोन धातूंच्या मिश्रणात आपल्या हाती एकच प्रमाण असते, म्हणून एकच गुण जुळविता येतो. तिसरा धातू घेतला तर दोन गुणांची जुळणी कागदावर मांडता येते. मात्र पुष्कळदा उत्तरात एखाद्या धातूचे प्रमाण ऋण येते, आणि उणे दहा ग्रॅम तांबे कोणत्याच मुशीत घालता येत नाही.

खरी अडचण याहून खोल आहे. घनता निदान आकारमानाची सरासरी मानते, इतर अनेक गुण कोणतीच सरासरी मानीत नाहीत. चांदी ९६२ अंशांस आणि तांबे १,०८५ अंशांस वितळते. मग ७२ भाग चांदी व २८ भाग तांबे यांचे मिश्रण हजार अंशांच्या आसपास वितळावे, असे वाटेल. प्रत्यक्षात ते ७७९ अंशांतच, दोघांच्याही आधी, वितळते. सांधे जोडणाऱ्या कारागिरांना हा गुण उपकारक ठरला. झाळ वितळते आणि दागिना शाबूत राहतो. विजेचेही तसेच. सोने आणि चांदी दोन्ही उत्तम वाहक आहेत, पण निम्मे सोने व निम्मी चांदी एकत्र आटविली की त्या मिश्रणाचा विजेस होणारा रोध शुद्ध सोन्याच्या चौपटीच्या आसपास जातो. शुद्ध धातूत अणूंची एकसारखी मांडणी असते. परके अणू मधे शिरले की ती विस्कटते आणि विजेचा प्रवाह अडखळतो. त्यामुळे साधी धातू-मिश्रणे करून शुद्ध सोन्याची घनता आणि वाहकता एकाच वेळी गाठता येत नाही. वीज वाहून सोने तपासणारी आधुनिक यंत्रे याच गुणावर चालतात.

कठीणपणाही सरासरीने वागत नाही. शुद्ध सोने मऊ असते, थोडे तांबे मिळताच ते टणक होते. म्हणूनच दागिन्यात हीण घालणे हा गुन्हा नव्हे. चोवीस कॅरटमध्ये खडा घट्ट बसत नाही आणि रोजच्या वापरात कडी झिजते. सांगितलेल्या कसापेक्षा अधिक हीण घातले, तरच ती लबाडी होते.

तपासणी आणि जुने दागिने

भारतीय मानक ब्युरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क योजना २००० साली आणि चांदीसाठी २००५ साली सुरू केली. १६ जून २०२१ पासून सोन्यासाठी ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या विशिष्ट ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकण्यास मनाई आहे. बावीस कॅरटच्या डागावर २२ के ९१६ अशी खूण असते. आजीच्या काळातील दागिन्यांवर अर्थातच यांपैकी काही नसते आणि तेवढ्यावरून ते खोटे ठरत नाहीत.

अशा डागाची पहिली परीक्षा कसोटीच्या दगडावर होते. माहीत असलेल्या कसाची रेघ शेजारी ओढून, दोन्हींवर तेजाब लावून रंगाची तुलना केली जाते. अनुभवी सराफाची नजर यात बरीच पुढे जाते, पण ती मुलाम्यापलीकडे जाण्यासाठी डाग किंचित खोल घासावा लागतो. क्ष-किरणांच्या यंत्राने घासण्याचीही गरज पडत नाही. घटकधातूंची टक्केवारी तत्काळ दिसते, मात्र तेही पृष्ठभागाचा अतिशय पातळ थरच पाहते. निर्णायक परीक्षा अग्नीचीच. डागाचा छोटा नमुना शिशासह भट्टीत सच्छिद्र वाटीत तापवितात. तांब्यासारखे हीण शिशाबरोबर वाटीत शोषले जाते, उरलेल्या मण्यातील चांदी नायट्रिक आम्लात विरघळवितात आणि शेवटी राहिलेले शुद्ध सोने तोलतात. 'लीलावती'तील वीस माशांचे पंधरा मासे करण्याचीच ही क्रिया. फरक एवढाच, की यासाठी डागाचा तुकडा काढावा लागतो. जो डाग देवीच्या अंगावर तसाच चढवावा अशी दात्याची इच्छा आहे, त्याची कसोटी व क्ष-किरण एवढ्यावरच थांबणे योग्य. जे सोने आटवून कळसास किंवा प्रभावळीस वापरावयाचे आहे, त्याची अग्निपरीक्षा दात्यासमक्ष करून घ्यावी.

पोकळ आणि भरीव डागांतील फरक दान देतानाच सांगणे उपयुक्त ठरते. बोरमाळेचे मणी सोन्याच्या पातळ पत्र्याचे असून आत लाख भरलेली असते. अशी माळ पाण्यात तोलली तर तिची घनता तांब्याहूनही कमी येऊ शकते आणि अजाण माणूस तिला पितळी ठरवून मोकळा होतो. सोने मात्र त्यात अस्सल असते, फक्त वजनाने दिसते त्याहून कमी. अशा माळेची नोंद लाखेसह वजन आणि अंदाजे निव्वळ सोने अशा दोन आकड्यांनी करावी लागते. खडे-मोती असलेल्या डागांचीही तशीच. दोन्ही आकडे दात्याने पावतीवर स्वतः वाचून पाहावेत.